सहा ओळींचा भात

"इतकं सोपं असतं, तर तुझी आई एवढी दमायची कशाने गं?" बाबा म्हणाले, आणि माझा घास तोंडातच थांबला. भात चांगला झाला होता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं रागाचं वाटेल. शीत सुटं, बटाटा शिजूनही न मोडलेला, वरची दोन अंडी नुसती धरलेली, हात लावला की वाहतील अशी. पाच महिन्यांपूर्वी ज्या माणसाला कांदा कुठून धरायचा हे ठाऊक नव्हतं, त्याने हे एकट्याने केलं होतं. खालच्या गाळ्यात बसणारे घड्याळवाले काका दुसऱ्यांदा वाढून घेत म्हणाले, "अहो, खानावळ काढा तुम्ही. पहिलं गिऱ्हाईक मी." बाबा हरखले. "छे हो, यात काय आहे? सहा ओळी वाचायच्या नि करायच्या. घड्याळाला किल्ली देण्यासारखं." "किल्लीची घड्याळं आता आणतो कोण? सेल बदला म्हणतात, चालू लागतात," काका म्हणाले. दोघं हसले. आणि मग बाबा माझ्याकडे वळले नि ते वाक्य बोलले. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर असतं. बाबांचा आवाज अगदी कामातला होता. तीस वर्षं ते वजनमापं तपासत दुकानोदुकानी हिंडले. तराजूचं पारडं उचलून, खाली कुणी मेण चिकटवलंय का ते बघताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसाच आता झाला होता. कुठेतरी वजन जास्त भरत होतं, आणि ते कुठे लपलंय एवढंच त्यांना हवं होतं. "काय माहीत," मी म्हणाले. मांडीवरच्या पिटुकलीने, जिला अजून एक शब्द येत नाही, चमचा ताटलीवर आपटला. तिचं उत्तर माझ्यापेक्षा बरं होतं.

घरी येताना बाबागाडीचं एक चाक सारखं डावीकडे ओढत होतं आणि मी ती सारखी उजवीकडे वळवत होते. आई गेल्यावर बाबांनी मोठं घर सोडलं. आमच्यापासून दोन गल्ल्यांवर ही एक खोली घेतली. एक पलंग, एक टेबल, खिडकीखाली एक ओटा, ओट्यावर विजेची एकच शेगडी. मोठ्या घरातलं सामान वाटून टाकताना ते म्हणाले होते, मला काही नको, भांडी तर मुळीच नकोत. मी गुपचूप आईचं पातेलं ठेवून घेतलं. बाहेरून निळं, आतून पांढरं एनॅमल, जड बुडाचं, झाकण घट्ट बसणारं. पहिले पंधरा दिवस बाबा पाव आणि केळी खाऊन राहिले. सोळाव्या दिवशी मी गेले तेव्हा ते बटाटा सोलत होते, पेन्सिलीला टोक काढतात तसा, आणि बटाट्याचं सुपारीएवढं काहीतरी उरलं होतं. मला हसू आलं आणि लगेच रडू. "ठकू," ते म्हणाले, "मला हे शिकव. कुणाच्या दारात ताट घेऊन उभं राहायचं नाही मला." तेव्हा मी त्यांना शब्द दिला होता. एक पातेलं, एक सुरी, एक लाकडी चमचा, एक वाटी. या चार वस्तूंत भागवू. बाह्या दुमडून ते ओट्यापाशी उभे राहिले, इन्स्पेक्शनला आल्यासारखे. "चिमूटभर मीठ" म्हटलं तर म्हणाले, "कुणाची चिमूट?" मी माझी चिमूट त्यांच्या पत्र तोलायच्या छोट्या काट्यावर ठेवली. सव्वा ग्रॅम भरली. आईची किती भरत होती, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

कार्डं मी लिहिली. लिहिणं हे माझं कामच आहे. इस्त्री, पंखा, पाणी तापवायची कांडी, अशा वस्तूंच्या खोक्यात घडी घालून ठेवलेलं जे पत्रक असतं आणि जे सगळे न वाचता फेकतात, ते मी लिहिते. लिहीत होते, सध्या बाळंतपणाच्या रजेवर आहे. आमच्या साहेबांचा एकच धडा: वाचणारा घाबरला की वस्तू परत येते. एका ओळीत एकच काम. जे त्याला करावं लागत नाही ते त्याला सांगायचंच नाही. पत्रक एका नजरेत मावलं पाहिजे. माझा हात त्याच वळणाचा झालाय. पातेल्यात एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. कांदा-बटाटा चिरून त्यातच. मीठ. झाकण, शेगडी तीनवर. पंधरा मिनिटांनी वर दोन अंडी फोडा, पुन्हा झाकण. पाच मिनिटांनी बंद करा, दहा मिनिटं उघडू नका. सहा ओळी. बाबांनी कार्ड हातात धरून असं वाचलं, जसं कुणीतरी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याशी सरळ बोलत होतं. मग मी मसुराच्या सूपचं लिहिलं, घेवड्याचं लिहिलं, टोमॅटोत शिजवलेल्या अंड्यांचं लिहिलं. अकरा कार्डं झाली. प्रत्येक सहा ओळींचं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं लिखाण ते, असं मला खरंच वाटत होतं. एखाद्या लहान मुलाचा हात धरून जिना उतरवावा तसं मी त्यांना एकेका ओळीवरून उतरवलं होतं.

आणि जे त्यांना करावं लागू नये ते मी करत होते. बाबा चार वाजता वाचनालयात जातात, सहाला येतात. किल्ली माझ्याकडे आहे. चार वाजून दहा मिनिटांनी मी बाबागाडी दाराआत घेते, पिटुकलीच्या हातात झाकण देते, आणि पातेलं पाण्यात बुडवते. तळाला धरलेला भात सुटेपर्यंत शेगडीवर सांडलेलं पुसायचं. मसूर निवडायचे. कोंब आलेले बटाटे खालून काढून चांगले वर ठेवायचे. तांदळाच्या डब्यात भर घालायची, पण काठोकाठ नाही, लक्षात येईल इतकी नाही. अंडी आणायची. सुरीला धार. ओट्याची फडकी धुऊन खिडकीत. मग पातेलं घासून, पुसून, शेगडीवर उपडं, जसं कार्डाच्या पहिल्या ओळीला ते हवं असतं तसं. पावणेसहाला बाहेर. बाबांना मी येते हे ठाऊक होतं. "पोरीला फिरवून जातेस ना, बरं करतेस, इथे वारा चांगला येतो," म्हणायचे. मला यात एक चोरटा आनंद होता, हे कबूल करते. उशीखाली काहीतरी ठेवून सकाळी मूल काय म्हणतं ते ऐकायला दाराआड उभं राहावं, तसा. ते म्हणाले, सोपं आहे. मी दाराआडच राहिले.

आईही अशीच दाराआड होती. बाबा साडेनऊला निघत, साडेसहाला येत, आणि मधल्या नऊ तासांत घर पुन्हा पहिल्या ओळीवर यायचं. ते आले की ताट. ताटात पहिला घास, आणि मग ते डोळे बारीक करून म्हणत, "मीठ दोन ग्रॅम पुढे आहे." विनोद होता तो घरातला. मी आणि दादा हसायचो. मी तर त्यांच्या आधीच कधीकधी आकडा सांगायचे, एक ग्रॅम, तीन ग्रॅम, आणि बाबा पाठीवर थाप मारून म्हणत, ही माझी लेक. आई हसायची की नाही हे मी आठवून बघतेय. ती तेव्हा आमच्याकडे पाठ करून काहीतरी करत असायची. सगळ्यांचं झाल्यावर ती निळं पातेलं मांडीत घेऊन बसायची, लाकडी चमच्याने तळाचं खरवडून त्यातच खायची. ताट का घेत नाहीस, विचारलं तर म्हणायची, "एक भांडं कमी." शेवटच्या वर्षात ती मधेच बसायला लागली होती. ओट्याला पाठ लावून, खाली फरशीवर, एक हात जमिनीवर पालथा ठेवून. "जरा टेकते," म्हणायची. "काय गं झालं?" "काही नाही. दमले." बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले होते, "कुठल्या गोण्या वाहिल्यास दिवसभर?" आणि आम्ही हसलो. मीही हसले. सातवा महिना होता मला, मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते आणि ती माझ्यासाठी दूध गरम करायला उठली होती. हे मला विसरता येत नाही, आणि खरं म्हणजे विसरायचंही नाही. दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयाला त्रास बरेच महिने असणार, कधी बोलल्या नाहीत का? बाबा ताबडतोब म्हणाले, "कधीच नाही." त्यांना खोटं बोलता येत नाही. त्यांच्या हिशेबी ती खरंच कधी बोलली नव्हती. ती फक्त दमले म्हणायची.

भाताच्या दुसऱ्या दिवशी बाबा कधी नव्हे ते आमच्याकडे आले, हातात कार्डांचा गठ्ठा, त्याला रबर. वाचनालयात शनिवारी कुणी ना कुणी काही सांगतं. गेल्या शनिवारी कुणीतरी पक्ष्यांवर बोललं. या शनिवारी बाबा. "एकटे राहणारे बरेच आहेत गं तिथे. पावावर जगतात. मी म्हटलं, मी करून दाखवतो. शेगडी ते देणार आहेत, पातेलं मी नेईन." कार्डं टाइप करून द्यायची होती, तीस प्रती. आणि सगळ्यांत वर एक ओळ हवी होती, ती त्यांनी पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहून आणली होती, सुरेख तिरप्या अक्षरात: स्वयंपाक सोपा असतो, तो उगाच अवघड केला जातो. "कसं वाटतं?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी दाढी गुळगुळीत केली होती, आणि कानाखाली साबणाचा एक ठिपका वाळून राहिला होता. मी तो अंगठ्याने पुसला. "छान आहे," मी म्हणाले. नवरा संध्याकाळी म्हणाला, "बाबांनी कमाल केली हं या वयात. मीही शिकून घेतो एकदा." एकदा.

शुक्रवारी दुपारी पिटुकली झोपली आणि मी टाइप करायला बसले. ती झोपली की मला साधारण चाळीस मिनिटं मिळतात. पहिली दहा ती खरंच झोपलीय का हे ऐकण्यात जातात. बाबांची ओळ टाइप केली. पहिलं कार्ड: पातेल्यात एक वाटी तांदूळ. बोटं तिथे अडली. तांदूळ कुठून आला? मी वर एक ओळ घातली. मग तिच्या वर आणखी एक. तांदूळ संपत आलाय हे परवाच लक्षात ठेवलेलं असावं. पिशवी घ्या, मूल घ्या. जिना. कालचं पातेलं भिजलेलं नसेल तर भिजवा. भिजेपर्यंत रिकामे बसू नका. कुणाला काय आवडत नाही ते आठवा. काल काय केलं होतं ते आठवा, म्हणजे आज ते होणार नाही. उतू जाईल, तेव्हाच दार वाजेल. वाढताना बोलू नका, तुमच्या बोलण्याने घास थांबतो. मीठ किती पुढे आहे ते कळवण्यात येईल. उरेल ते तुमचं. उरलं नाही तर भूक नव्हती म्हणा. बसावंसं वाटलं तर खाली बसा, ओट्याला पाठ लावून, आणि कारण विचारलं तर एकाच शब्दात सांगा, लांबलं की लोक हसतात. मी थांबले तेव्हा एकतीस ओळी झाल्या होत्या. भात तोच होता. शेवटची ओळ होती: उद्या काय, याचा विचार आत्ता सुरू करा. वाचून बघितलं, आणि कानात साहेब: कोण करेल हे, कोण घेईल ही वस्तू? दोन गोष्टी एकदम खऱ्या होत्या. हे कार्ड मी बाबांना सोळाव्या दिवशी दिलं असतं, तर ते अजून पावावर असते. आणि सहा ओळींचं दिलं म्हणून आई त्यांच्या डोक्यात एक उगाच दमणारी बाई होऊन बसली होती. तिची चाळीस वर्षं मीच खोडली होती, एका ओळीत एक काम, किती स्वच्छ, किती प्रेमाने. बाजूच्या खोलीत पिटुकली कुरकुरली. मी पंचवीस ओळी पुसल्या, सहा ठेवल्या, आणि तीस प्रती काढून आणल्या. वर बाबांची ओळ होती. मी ती ठळक केली होती.

शनिवारी मी मागच्या रांगेत बसले, दाराजवळ, मूल रडलं तर उठता यावं म्हणून. वीस-बावीस माणसं होती, बरेचसे पुरुष, शर्टाची वरची गुंडी लावलेले. बाबांनी निळं पातेलं टेबलावर ठेवलं. काय सुंदर बोलले ते. कांदा कसा धरावा हे दाखवताना म्हणाले, "घाबरू नका, तोच तुम्हाला घाबरलेला असतो." लोक खुदकन हसले. झाकण उघडलं तेव्हा वाफेच्या मागून त्यांचा चेहरा दिसला, तरुण वाटला. चमचा-चमचा भात सगळ्यांना मिळाला. टाळ्या झाल्या. मग दुसऱ्या रांगेतल्या एक बाई, केस पांढरे, मांडीवर विणकाम, सुई न थांबवता म्हणाल्या, "सगळं खरं हो. पण पातेलं कोण घासतं?" हशा पिकला. बाबाही हसले. आणि हसता हसता, अगदी सहज, म्हणाले, "ते काय, घासलं जातं!" पुन्हा हशा. बाई खाली बघून विणत राहिल्या. बाबांची नजर फिरत माझ्यावर आली, मला वाटलं आता काहीतरी होईल, एक क्षण, पारड्याखाली बोट जाईल. त्यांनी मला हात हलवला. पिटुकलीला हात हलवला.

रविवारी चार वाजून दहा मिनिटांनी मी बाबागाडी कोपऱ्यापर्यंत नेली आणि बाबांकडे न जाता उजवीकडे वळले. इतके दिवस डावीकडे ओढणारं ते चाक तेव्हाही ओढतच होतं. मी बागेत जाऊन बसले. मला ठाऊक होतं, पातेलं शनिवारपासून तसंच पडलं असेल. आज बाबांना घड्याळवाल्या काकांनी जेवायला बोलावलं होतं, कार्ड बघून त्यांनी स्वतः केलं होतं म्हणे. म्हणजे उद्यापर्यंत दोन दिवस. एनॅमलवर भात दोन दिवस वाळला की सिमेंट होतो. माझ्या हातांना ते इथे बसूनही कळत होतं. ते मांडीवर स्वस्थ बसत नव्हते. मी उगाचच पिटुकलीचे मोजे काढले, घातले, काढले. ही मोठी झाल्यावर मला काय करताना पाहील? मी तिच्याकडे पाठ करून उभी असेन?

सोमवारी अकराला फोन वाजला. मी तिला बटाटा कुस्करून भरवत होते.

"ठकू, अगं, हे पातेलं."

"काय झालं?"

"खाली सगळं धरलंय. दगड झालाय नुसता. तू काल आली नव्हतीस का?"

"नाही."

"बरी आहेस ना? पोरगी?"

"दोघी बऱ्या आहोत."

"मग हे..." ते थांबले. "आता हे कसं काढायचं?"

"कार्डावर बघा."

कागद उलटल्याचा आवाज आला. ते खरंच बघत होते. पुढची बाजू, मागची बाजू. अकराच्या अकरा कार्डं त्यांनी बघितली असावीत, कारण वेळ लागला. "कार्डावर नाहीये," ते म्हणाले.

"नाहीये."

त्यांच्याकडचा नळ सुरू झाला, बंद झाला. "तांदूळही कमी वाटतोय," ते म्हणाले, पण माझ्याशी नाही. डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. फडकं कुठे असतं ते त्यांना सापडत नव्हतं, हे मला श्वासावरून कळत होतं. मग ते अगदी हळू, त्यांच्या नेहमीच्या आवाजापेक्षा दोन पायऱ्या खालून म्हणाले, "हे रोज असतं?"

किती महिने मी या प्रश्नासाठी थांबले होते, हे तो ऐकल्यावर कळलं. आणि आत काहीच सुटलं नाही. रोज, बाबा. दिवसातून तीनदा, चाळीस वर्षं, तुमच्या काट्यावर करा हिशेब. हे सगळं ओठांपर्यंत आलं, आणि त्याच वेळी तिकडून तो आवाज सुरू झाला. खर्र. खर्र. फोन ओट्यावर ठेवून ते पातेलं खरवडत होते. लाकडी चमच्याने नव्हे, त्याचा आवाज वेगळा असतो, दबका. हा सुरीचा होता. मीच धार लावलेल्या सुरीचा. आतलं पांढरं एनॅमल, ज्यावर आईने इतक्या वर्षांत कधी धातू टेकवला नव्हता, ते निघत होतं. नुसतं भिजत घाला, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्याने ते थांबले असते. पण मग त्यांनी पातेलं भिजत घातलं असतं, आणि पाणी घातलं की बाकीचं आपोआप झालं असतं, आणि उद्या चार वाजून दहा मिनिटांनी मी किल्ली लावली असती.

पिटुकली बटाट्याने माखलेला हात फोनकडे नेत होती. मी तो धरून ठेवला. तिकडे ते खरवडत राहिले, मनापासून, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मी ऐकत राहिले.